पाच पिल्लांची आवक-जावक

सरकारी नोंदींप्रमाणे मी दोन कुत्र्यांचा मालक आहे. बायको दोघांची मालकीण आहे आणि उरलेली दोन माझ्या शहात्तर वर्षांच्या आईच्या नावावर आहेत. प्रत्यक्षात आमच्या घरात आजवर कोणी कुत्रं पाळलेलं नाही. मांजरसुद्धा नाही. एकदा मी काचेच्या भांड्यात एक मासा आणला होता, तो तिसऱ्या दिवशी गेला आणि तेव्हापासून घरातल्या कुठल्याही सजीव गोष्टीची जबाबदारी माझ्याकडे द्यायची नाही, असा एक अलिखित ठराव आमच्याकडे आहे. तरीही सहा कुत्र्यांच्या लसीकरणाच्या सहा पुस्तिका आज माझ्या कपाटात विम्याच्या कागदांच्याही वर ठेवलेल्या आहेत. हे कसं झालं ते मीच सांगितलेलं बरं, कारण इमारतीत या हकिगतीच्या निदान चार आवृत्त्या फिरताहेत आणि त्या चारींत मी बेशुद्ध पडतो. मी बेशुद्ध पडलो नव्हतो. मी डोळे मिटले होते. या दोन्हींत फरक आहे आणि तो सुशिक्षित माणसांना समजायला हवा.

आमच्या जिन्याखाली विजेच्या मीटरांची एक लहानशी खोली आहे. तिचं दार कित्येक वर्षं नीट लागत नाही. त्या दारातून एक भटकी कुत्री आत शिरली आणि तिनं तिथे पाच पिल्लांना जन्म दिला. पाचही तपकिरी, पाचही शेपटीच्या टोकाला पांढरी, जणू एकाच कागदाच्या पाच प्रती काढाव्यात. मला हे कळलं ते तीन आठवड्यांनी, एका संध्याकाळी कचेरीतून परतताना. मीटरच्या खोलीबाहेर स्टुलावर माझी आई बसली होती.

आता यात आश्चर्य काय, असं तुम्हाला वाटेल. गेले आठ महिने आई तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. न्हाणीघरात पाय घसरला, हाड वाचलं, पण धीर गेला. डॉक्टर म्हणाले चाला, तर ती म्हणाली, मी चालते की घरात. म्हणजे पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. मी काठी आणली, ती तिनं पडदा सरकवायला घेतली. हळूहळू तिचं बोलणंही कमी झालं होतं, आणि जी बाई उभ्या जन्मात मला टोचून बोलल्याशिवाय जेवली नाही ती नुसतं 'वाढ' म्हणते तेव्हा घरात काहीतरी बिघडलंय हे मला कळत होतं. मला त्याची भीती वाटत होती, पण बोलत नव्हतो.

आणि तीच आई चोपन्न पायऱ्या उतरून, दुधात कुस्करलेल्या पावाचं भांडं घेऊन, खाली बसली होती. मला पाहून दचकली नाही की काही नाही. म्हणाली, "आलास? वर जाऊन गॅस बंद आहे का बघ."

मी वर गेलो. गॅस चालू होता.

त्या दिवसापासून ती सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा खाली जाऊ लागली. कुत्रीचं नाव तिनं 'बाईसाहेब' ठेवलं, कारण म्हणे ती आधी वास घेते, मग विचार करते, मग उपकार केल्यासारखं खाते. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तेवढ्यात मागच्या गल्लीतली चार पिल्लं दोन दिवसांत गेली. उलट्या, रक्ताचे जुलाब, संपलं. इमारतीत घबराट पसरली आणि कमिटीची तातडीची सभा बोलावण्यात आली.

आमचे अध्यक्ष हे एका कारखान्याचे निवृत्त व्यवस्थापक आहेत. ते बोलत नाहीत, भोंगा देतात. त्यांच्याकडे युवराज नावाचा उंची जातीचा पांढराशुभ्र कुत्रा आहे आणि त्याचा नाश्ता आमच्या सगळ्यांपेक्षा वेळेवर होतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं: भटकी कुत्री रोग आणतात, युवराजला धोका आहे, उद्या गाडी बोलवा आणि सहाच्या सहा उचला. बराच वेळ गदारोळ झाला. शेवटी मी, इमारतीचा मानद चिटणीस या नात्यानं, मधला मार्ग म्हणून एक ठराव लिहिला. ठराव लिहिणं हा माझा हातखंडा आहे. 'इमारतीच्या आवारात राहणाऱ्या सर्व कुत्र्यांचं लसीकरण अडीच महिन्यांनी होणाऱ्या पुढील सभेच्या आत पूर्ण करण्यात यावं, त्याच्या नोंदी सभेपुढे ठेवण्यात याव्यात, अन्यथा सदर कुत्री आवाराबाहेर काढण्यात यावीत.' अध्यक्षांनी न वाचता सही ठोकली आणि विचारलं, "करणार कोण हे?"

"माझा मुलगा करेल," मागून आवाज आला.

आई सभेला आली आहे हे तोवर मला माहीतच नव्हतं. सगळ्यांनी वळून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला कुत्र्यांची भीती वाटते आणि सुईची त्याहून जास्त, ही गोष्ट खासगी ठेवायची माझी इच्छा होती. बायको हळूच म्हणाली, "करेल म्हणे. माशाचं काय झालं ते सांगू का?"

माझ्या कामाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. मी एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागात आहे. बाहेरून आलेला कागद तो आवक, इथून निघालेला तो जावक. टेबलाच्या डाव्या हाताला आवकचा ट्रे, उजव्या हाताला जावकचा. कागद उचलायचा, नोंद करायची, शिक्का मारायचा, उजवीकडे टाकायचा. सत्तावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद हरवलेला नाही. हरवायचा तो पुढच्या टेबलावर हरवतो. तेव्हा पाच पिल्लं आणि एक आई म्हणजे सहा प्रकरणं, याहून जास्त हे काम काही नाही, असा माझा हिशेब होता. मी एक नवं कोरं रजिस्टर आणलं आणि रेघा आखल्या.

इमारतीत बातमी पसरताच सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त औषधविक्रेते राहतात. ते म्हणाले, "आमच्या वेळी कुत्र्यांना कसली आली लस? नुसती हिंडायची."

"आणि आजारी पडली तर?"

"मरायची," ते शांतपणे म्हणाले.

पहिल्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, "लस म्हणजे विमाच समजा. एक हप्ता भरून भागत नाही आणि मधला हप्ता चुकला की पॉलिसी बंद." मला वाटलं हे सवयीप्रमाणे मला गिऱ्हाईक करताहेत. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंचा सल्ला मात्र कामाचा वाटला. सगळी पिल्लं सारखी दिसतात तर प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा बांधा, म्हणाल्या, आणि पाच दोरे काढूनही दिले. दोरे बांधायला मी रजिस्टर काखेत मारून मीटरच्या खोलीत वाकलो, पहिलं पिल्लू उचललं, आणि बाईसाहेबांनी माझ्या मनगटाचा चावा घेतला.

चावा फार मोठा नव्हता, पण रक्त आलं. औषधविक्रेते धावत आले आणि त्यांनी आयुष्यातला एक योग्य सल्ला दिला: "आधी नळाखाली धरा. साबण लावून चांगली पंधरा मिनिटं धुवा आणि तसेच दवाखान्यात जा. भटकी कुत्री आहे, उशीर नको." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की रेबीज एकदा झाला की त्याला इलाज नाही, त्याच्या आधी लस घेणं एवढाच इलाज. मला त्या दिवशी पहिलं इंजेक्शन मिळालं आणि पुढच्या तारखांचं एक कार्ड. अशा रीतीनं कुत्र्यांच्या लसीकरणाच्या रजिस्टरात सगळ्यांत वर, पहिल्या ओळीच्याही आधी, माझं नाव लागलं. बायकोनं ते वाचलं आणि विचारलं, "ओळखीची खूण काय लिहिली आहे?"

आईला मात्र वाईट वाटलं. माझ्याबद्दल नव्हे. "नवा माणूस पिल्लाला हात लावतो म्हटल्यावर ती चावणारच," ती म्हणाली. "तुला मी लहानपणी कोणाला उचलू देत नव्हते." मी मनगटाला पट्टी बांधून हे ऐकत होतो. दोरे शेवटी आईनंच बांधले आणि रात्रीपर्यंत पिल्लांनी ते एकमेकांचे खाऊन टाकले होते.

मग मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या खिडकीमागे एक गृहस्थ बसले होते. त्यांचं टेबल पाहून मला भरून आलं: डावीकडे आवक, उजवीकडे जावक, मधे शाईचा डबा. वाटलं, आपलाच माणूस. पण आपल्याच माणसाचा अडथळा सगळ्यांत पक्का असतो. त्यांनी अर्ज पाहिला आणि म्हणाले, "मालकाचं नाव?"

"मालक नाही. भटकी आहेत."

"मग आणणार कोण? जो आणतो तो मालक."

"बरं, माझं लिहा."

"एका माणसाच्या नावावर दोनच. सहा कुत्री म्हणजे तीन मालक लागतील. तिघांनीही स्वतः येऊन सही करायची. समक्ष."

"एकानं सगळ्यांतर्फे केली तर?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ही नजर मी सत्तावीस वर्षं लोकांकडे टाकत आलो आहे. ती आपल्यावर पडली की कशी लागते, ते पहिल्यांदाच कळलं.

बायको तयार झाली. "एवढ्या संसारात मला कशाचीच मालकीण म्हटलं नाही कोणी," ती म्हणाली. "निदान दोन कुत्र्यांची तरी." राहिली आई. जिन्याच्या खाली उतरणं वेगळं आणि टॅक्सीत बसून गावाच्या दुसऱ्या टोकाला जाणं वेगळं. मी चाचरत विचारलं. तिनं क्षणभर आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, जसं हाताखालच्या माणसाला विचारावं, आणि म्हणाली, "माझ्या बाहेरच्या चपला शोध. कुठे ठेवल्यात कोण जाणे, आठ महिने लागल्याच नाहीत."

पहिल्या डोसाचा दिवस उजाडला. मी दोन मोठी खोकी तयार केली होती. एकावर ठळक अक्षरात 'आवक', दुसऱ्यावर 'जावक'. योजना बिनचूक होती: पाचही पिल्लं आवक खोक्यात, एकेक उचलायचं, टोचून घ्यायचं, जावक खोक्यात ठेवायचं. आवक खोकं रिकामं झालं की काम संपलं. टॅक्सीवाल्यानं खोकी पाहिली, बाईसाहेबांना पाहिलं आणि गाडीत कुत्री घेत नाही म्हणाला. आई तोवर पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. "ही सरकारी कामाला निघाली आहेत," ती म्हणाली, "चल." तो चालला. बाईसाहेब माझ्या मांडीवर बसल्या आणि वाटभर माझ्या पट्टीचा वास घेत राहिल्या.

खिडकीवर नावं विचारली तेव्हा मी 'प्रकरण एक ते पाच' असं सांगितलं. आईनं मला बाजूला केलं आणि घरातल्या वस्तू आठवून नावं सांगायला सुरुवात केली: बटण, चिमटा, झाकण, उशी. पाचव्याला ती अडली. आमच्या मागे रांग वाढत होती. खिडकीवरच्या गृहस्थांनी स्वतःच लिहून टाकलं, 'पाचवा'.

डॉक्टर तरुण होत्या, हात झरझर चालत होता. त्यांनी आधी बाईसाहेबांना रेबीजची आणि दुसरी एक अशा दोन लसी दिल्या. धरायला मी होतो. मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी मी जे घट्ट धरलं होतं ते बाईसाहेब नसून डॉक्टरांचं कोपर होतं, हे नंतर कळलं. बेशुद्ध पडल्याची अफवा इथूनच निघाली आणि ती बायकोनं काढली, असा माझा संशय आहे.

मग पिल्लं. मी आवक खोक्याजवळ उभा राहिलो, नजर छतावर ठेवली आणि हाताला लागेल ते पिल्लू उचलून पुढे केलं. टोचलं, कुंई झालं, जावकमध्ये ठेवलं, मी रजिस्टरात टीक केली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच बाटल्या संपल्या. मी समाधानानं रजिस्टर मिटलं आणि खाली पाहिलं. जावक खोक्यात तीन पिल्लं होती. आवक खोक्यात एक. आणि बाईसाहेब, तोंडात एका पिल्लाची मानगूट धरून, त्याला जावकमधून काढून परत आवकमध्ये ठेवत होत्या.

त्या हे काम पहिल्यापासून करत होत्या. मी छताकडे बघत असताना टोचलेलं प्रत्येक पिल्लू त्यांना शक्य होईल तसं परत येत होतं, आणि त्यातलं कोणतं मी पुन्हा उचलून पुढे केलं हे देवाला ठाऊक. कचेरीत निकाली निघालेला कागद शेरा मारून परत येतो तेव्हा माझं डोकं फिरतं. इथे तर शेराही नव्हता. मला कानापर्यंत गरम वाटलं.

डॉक्टर म्हणाल्या, "एखाद्याला दोनदा गेलं असेल तर अर्धा तास नजरेखाली ठेवू, बहुधा काही होणार नाही. पण एखादं राहून गेलं असेल तर ते वाईट. बाजूच्या भागात साथ आहे. राहिलेलं पिल्लू वाचायचं नाही, आणि कोणतं राहिलं तेच आपल्याला माहीत नाही."

मी पिल्लांकडे पाहिलं. पाच सारखी थोबाडं. त्यातलं एक माझ्या चुकीमुळे उघडं राहिलं होतं, आणि सत्तावीस वर्षांचा अनुभव घेऊन मी तिथे नंदीबैलासारखा उभा होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"डॉक्टरीणबाई," आई बाकावरून म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जा आणि परत आत या."

"का?"

"माझ्या गुडघ्यात एका डॉक्टरानं सुई घातली होती. तेव्हापासून मी त्याच्या रस्त्यानंसुद्धा जात नाही. ज्याला टोचलंय ते तुमच्या वाऱ्याला उभं राहणार नाही. जाऊन तर या."

पाचही पिल्लं जमिनीवर सोडली. डॉक्टर बाहेर गेल्या. पिल्लं हुंगत फिरू लागली, एकानं माझ्या बुटाची नाडी सोडली. दार उघडलं, पांढरा कोट आत आला, आणि जमीन एका क्षणात रिकामी झाली. दोन पिल्लं आईच्या पायांमागे शिरली. एक बायकोच्या पिशवीत. एक थेट कोपऱ्यातल्या बादलीमागे जाऊन भिंतीला नाक लावून बसलं. दोनदा टोचलं गेलेलं हेच, याबद्दल कोणाला शंका उरली नाही. आणि एक, फक्त एक, शेपूट हलवत डुलत डुलत डॉक्टरांकडे गेलं आणि त्यांचा बूट चाटू लागलं.

"हा घ्या तुमचा पाचवा," आई म्हणाली.

डॉक्टर इतक्या हसल्या की सुई भरायला त्यांना थोडा वेळ लागला. पाचव्याला टोचलं. तोही मग बादलीमागे गेला. पिल्लांची नावं खऱ्या अर्थानं तेव्हाच नक्की झाली: बादलीमागचं आधीचं ते झाकण, पिशवीतली उशी, आईच्या पायांमागची बटण आणि चिमटा. त्याच संध्याकाळी शिवणकामवाल्या बाईंनी पाच रंगांचे कापडी पट्टे शिवून दिले, दोऱ्यांसारखे खाता येणार नाहीत असे जाड. मी आवक आणि जावक ही दोन्ही खोकी मोडून रद्दीत टाकली आणि झाल्या प्रकारावर घरात चर्चा होऊ नये अशी विनंती केली. ती फेटाळण्यात आली.

वाटलं, सुटलो. तेवढ्यात पुस्तिकेच्या मागच्या पानावर लक्ष गेलं. पिल्लांना तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं आणखी दोन डोस द्यायचे होते, आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजचा वेगळा. विमावाल्यांनी जिन्यात मला गाठलं. "हप्ते," ते म्हणाले. आणि जिना चढून गेले.

दुसऱ्या डोसाला चार दिवस असताना पाचवा जेवेना. सकाळी भांडं तसंच. दुपारी त्याला उलटी झाली. मला कचेरीत बायकोचा फोन आला तेव्हा मी अर्धवट शिक्का मारलेला कागद तसाच टाकून निघालो, हे माझ्या नोकरीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. घरी आलो तर आई मीटरच्या खोलीबाहेर स्टुलावर, पाचवा मांडीवर. ती सकाळपासून तिथेच होती. जेवली नव्हती. मला पाहून तिनं गॅसचं विचारलं नाही.

"एवढ्यासाठीच मी कशात जीव अडकवत नाही," ती म्हणाली. "तुझे वडील गेल्यापासून."

मी पाचव्याला माझ्या शर्टात गुंडाळलं आणि टॅक्सीत बसलो. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, पोट दाबलं, आणि भुवया वर केल्या. थोड्या वेळानं औषधानं पाचव्याच्या पोटातून जे बाहेर आलं ते चुरगळलेलं, रेघा आखलेलं होतं आणि त्यावर माझं अक्षर होतं. माझ्या रजिस्टराचं पान. मी ते आदल्या दिवशी स्टुलाखाली विसरलो होतो. डॉक्टरांनी चिमट्यानं उचलून वाचलं. "ओळखीची खूण: शेपटीचं टोक पांढरं," त्या म्हणाल्या. "साथीचा आजार नाही. कागद खाल्लाय. उद्या टुणटुणीत होईल."

मी परत आलो तेव्हा आई जिन्यातच उभी होती. पाचवा बरा आहे, त्यानं माझ्याच रजिस्टराचं पान खाल्लं होतं, असं मी सांगितलं. ती पायरीवर बसली आणि रडली, आणि रडता रडता मला म्हणाली की वस्तू जागेवर ठेवायची अक्कल मला पहिलीपासून नाही. इतकं सविस्तर ती मला वर्षभरात बोलली नव्हती. मी ते सगळं उभ्यानं ऐकलं आणि मला फार बरं वाटलं.

पुढचे दोन डोस म्हणजे नुसती मिरवणूक होती. एका वेळी एकच पिल्लू आत, बाईसाहेब बाहेर आईच्या ताब्यात, बाटलीवरचं लेबल लगेच ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत. तिसऱ्या खेपेला रेबीजचीही सुई झाली. खिडकीवरचे गृहस्थ आता आम्हाला पाहिलं की आपणहून अर्ज पुढे सरकवत. एकदा त्यांनी माझं रजिस्टर मागून घेतलं, पानं उलटली आणि म्हणाले, "अक्षर स्वच्छ आहे." आमच्या धंद्यात याच्यापुढे बक्षीस नाही. दरम्यान माझ्या कार्डावरची सगळी इंजेक्शनंही संपली होती. तीही मी सगळ्यांत वर, माझ्या नावापुढे, नोंदवली.

अडीच महिन्यांनी सभा भरली. अशी गर्दी कमिटीच्या सभेला कधी झाली नव्हती. आई पहिल्या रांगेत बसली होती. अध्यक्षांनी भोंगा दिला, "कुत्र्यांच्या नोंदी?"

मी उठलो आणि त्यांच्यासमोर सहा पुस्तिका एकावर एक रचल्या. त्यांनी चष्मा लावला. पहिली उघडली, शेवटपर्यंत पाहिली. दुसरी, तिसरी. प्रत्येक पानावर लेबल, तारीख, सही, शिक्का. सहावी मिटून ते म्हणाले, "ठीक. ठराव पूर्ण झाला, असं लिहा."

मी पेन उचललं आणि थांबलो. खरं सांगतो, मनात खोट नव्हती. ठरावाप्रमाणे मी रजिस्टरात कुत्र्यांच्या सात ओळी आखल्या होत्या आणि सातवी रिकामी होती, एवढंच मला दिसत होतं. सवयीचा परिणाम. "एक नोंद बाकी आहे," मी म्हणालो. "ठरावात 'आवारात राहणाऱ्या सर्व कुत्र्यांचं' असं आहे. युवराजची पुस्तिका आलेली नाही."

"युवराज घरात राहतो," अध्यक्ष म्हणाले.

"घर आवाराबाहेर नेलंत का?" आईनं विचारलं.

अध्यक्ष ताडकन उठले, वर गेले आणि सोनेरी काठाची एक पुस्तिका घेऊन आले. मी उघडली. लहानपणीचे सगळे डोस व्यवस्थित होते. त्यानंतर दर वर्षासाठी एकेक चौकोन होता. गेल्या तीन वर्षांचे चौकोन कोरे होते. मी पान उलटून पाहिलं, मागेही काही नव्हतं.

"हप्ता चुकला," विमावाले हळूच म्हणाले.

सगळी सभा ठरावाचं शेवटचं वाक्य आठवू लागली. अन्यथा सदर कुत्री. अध्यक्षांचा चेहरा पाहून मात्र मला ते वाक्य वाचवेना. इतका मोठा माणूस, आणि डोळ्यांत तेच होतं जे स्टुलावर बसलेल्या आईच्या डोळ्यांत मी पाहिलं होतं. मी पेनाचं टोपण लावलं.

"मुदतवाढ देता येते," मी म्हणालो. "रीतसर अर्ज करावा लागेल."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे."

अध्यक्षांनी तिथेच अर्ज लिहिला. मी तो वाचला, एक चूक दुरुस्त करायला लावली, आणि शिक्का मारला: आवक क्रमांक सात. मग त्याच सभेत दुसरा ठराव झाला की बाईसाहेब आणि त्यांची पाच पिल्लं मीटरच्या खोलीजवळ कायम राहतील, आणि मीटरच्या खोलीचं दार दुरुस्त करून त्यांना वेगळा आडोसा बांधून देण्यात यावा. सूचक अध्यक्ष. अनुमोदक अख्खी सभा. माझ्या टेबलावरून इतका सुंदर कागद आजवर गेलेला नाही.

दोन दिवसांनी आम्ही युवराजला घेऊन दवाखान्यात गेलो. आई टॅक्सीत पुढे बसली आणि टॅक्सीवाल्यानं काही विचारलंच नाही. खिडकीवरचे गृहस्थ आम्हाला पाहून चक्क उठून उभे राहिले. अध्यक्षांनी नम्रपणे सगळे रकाने भरले. आत डॉक्टरांनी सुई भरली तशी युवराजनं अंग चोरलं आणि अध्यक्षांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे तोंड फिरवलं. मोठ्या माणसाचा आवाज इतका बारीक होऊ शकतो, हे मला तेव्हा समजलं. "झालं का?" ते भिंतीला विचारत होते.

युवराजला मी धरलं होतं. त्याचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं आणि माझं माझ्या शर्टाखाली. सुई आत गेली, औषध उतरलं, सुई बाहेर आली. मी हे सगळं पाहिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, डोळे सताड उघडे ठेवून. ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

परत आल्यावर युवराज आणि अध्यक्ष वर गेले. आई मात्र जिन्यापाशी थांबली. खालून पाच पट्टे तिच्याकडे धावत येत होते आणि त्यांच्या मागून, घाई न करता, बाईसाहेब.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मला यांना सगळं सांगायचंय. आणि वर जाऊन गॅस बंद आहे का बघ."

मी चोपन्न पायऱ्या चढून गेलो. गॅस बंद होता. मग मी रजिस्टर उघडलं, सातव्या ओळीसमोर 'जावक' असं लिहिलं आणि शिक्का मारला. खिडकीतून आईचा आवाज वर येत होता. ती कुत्र्यांना माझी सगळी हकिगत पहिल्यापासून सांगत होती, आणि तिच्या आवृत्तीतही मी बेशुद्ध पडत होतो. मी खिडकी उघडीच ठेवली.